फॉर्मबाहेरचा प्रश्न

"आधी खुर्ची धर."

काकूंच्या प्रत्येक बातमीची सुरुवात अशी व्हायची. आणि हे नुसतं बोलण्यापुरतं नसे. समोरचा माणूस हसत हसत का होईना, खुर्चीचे हात धरून बसेपर्यंत त्या पुढचा शब्द काढायच्या नाहीत. बातमी कधीकधी एवढीच असायची, की मेट्रोत एक फिलिपिनो मुलगी त्यांना चक्क मराठीत "कशी आहेस?" म्हणाली. पण ती त्या अशी काही रंगवायच्या, की पाच मिनिटांनी आपण खरोखरच खुर्ची घट्ट धरलेली असायची.

कागदोपत्री मी त्यांची वरिष्ठ होते. दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका मार्केट रिसर्च कंपनीत मी फील्डचं काम बघते. म्हणजे लोकांना विचारायचे प्रश्न तयार झाले, की ते विचारणारी माणसं शिकवून बाहेर पाठवायची आणि त्यांनी ते जसेच्या तसे विचारले की नाही हे तपासायचं. काकू त्या विचारणाऱ्यांपैकी एक. वय पंचावन्नच्या पुढे. पुण्यात टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, लग्नानंतर काकांच्या नोकरीमागे इकडे आल्या. मुलगी कॅनडाला गेल्यावर डिस्कव्हरी गार्डन्समधलं घर फार शांत झालं म्हणून त्यांनी आमच्या जाहिरातीला फोन केला.

तुम्हालाही कधी मॉलमध्ये हातात टॅबलेट घेतलेल्या कुणीतरी अडवलं असेल. तुम्ही काय करता? मोबाइल कानाला लावता आणि चालू लागता. सगळेच तसं करतात. काकूंना मात्र लोक थांबायचे. त्या समोर जाऊन "सर, दो मिनट" वगैरे म्हणायच्याच नाहीत. त्या म्हणायच्या, "भैया, एक बात बताइए, मेरा तो दिमाग चकरा गया है." मग कोण थांबणार नाही? करामा नावाच्या वस्तीतल्या हॉटेलांसमोर लोक हातातला चहा थंड करून त्यांना उत्तरं द्यायचे. एकदा एका पठाण टॅक्सीवाल्याने फॉर्म संपल्यावर विचारलं होतं, "बस? खलास? और पूछो ना."

तर एके दिवशी आमच्याकडे हस्तिदंताचं काम आलं.

क्लायंट परदेशी होता. इथे राहणाऱ्या लोकांना हस्तिदंताच्या व्यापाराबद्दल काय ठाऊक आहे, काय वाटतं, एवढं त्यांना हवं होतं. काही देशांत जुना, नोंद केलेला हस्तिदंत कागदपत्रांवर कायदेशीरपणे विकला जातो. अशी विक्री लोकांना योग्य वाटते का? सोबत प्रमाणपत्र असेल तर ते घेतील का? घरात अशी एखादी वस्तू आहे का? मी प्रश्न वाचले आणि मनात म्हटलं, याच्यावर कुणाला काय मत असणार? सगळे "डोन्ट नो" म्हणतील.

ट्रेनिंगमध्ये प्रत्येकाने पहिला फॉर्म स्वतःचा भरायचा, अशी आमची पद्धत. काकूंनी घरात हस्तिदंत आहे का, याच्यापुढे झटकन "नाही" दाबलं आणि मला म्हणाल्या, "अगं, आमच्या घरात दात आहेत ते फक्त काकांचे. तेही अर्धे."

पहिल्या दिवशी संध्याकाळी त्या ऑफिसात आल्या, तेव्हा गाल लाल झालेले, ओढणी एका खांद्यावरून खाली लोंबत होती.

"आधी खुर्ची धर!"

मी धरली.

"एक गृहस्थ भेटले. सुटाबुटातले. बँकेत मोठे कुणीतरी. ते म्हणाले, हत्तीचे दात पडतात. लहान मुलांचे दुधाचे दात पडतात तसे! मग जंगलातली माणसं टोपल्या घेऊन जातात आणि वेचून आणतात. टोपल्या गं! फुलं वेचायला जातात तशा!"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? मी मान हलवली. तूच शिकवलंयस ना, आपण काही सांगायचं नाही."

त्यानंतर रोज त्या नवं काहीतरी आणायच्या आणि आम्ही सगळे हातातलं काम टाकून त्यांच्याभोवती जमायचो. आपल्याच एका मराठी घरातली बारा वर्षांची मुलगी त्यांना म्हणाली होती, "आन्टी, आयव्हरी इज जस्ट अ कलर. आमचे कर्टन्स आयव्हरी आहेत." तिच्या आईने तिला दटावलं आणि स्वतः म्हणाली, "बंदी फक्त नव्या हस्तिदंतावर असते हो, जुना चालतो." एका बाईंनी सांगितलं, देवघरातली मूर्ती म्हणजे काही ट्रेड नव्हे. एकाने तर छातीवर हात ठेवून सांगितलं की, कायदेशीर हस्तिदंत घेणं ही हत्तींची सेवाच आहे, कारण तो पैसा जंगलाला जातो.

आणि जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी एक वाक्य असायचंच. मल्याळी असो, पंजाबी असो, कोल्हापूरचा असो. "पेपर है तो ठीक है." कागद असेल तर चालेल.

काकूंना याचं फार नवल वाटायचं. एकदा चहा घेताना त्या म्हणाल्या, "बघ ना, आपण इथे राहतो कशाच्या जोरावर? व्हिसा, एमिरेट्स आयडी, अटेस्टेशन. डिग्रीवर शिक्के, लग्नाच्या दाखल्यावर शिक्के. शिक्का असला की आपण खरे, नसला की नाही. मग हत्तीच्या दातावर शिक्का दिसला की आपल्या माणसाला तो स्वच्छच वाटणार!"

इतकी वर्षं लोकांची मतं मोजतेय, पण असं मला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात काकू अचानक गप्प झाल्या. म्हणजे बोलायच्या, पण खुर्ची धरायला सांगायच्या नाहीत. टॅबलेट जमा करायच्या, पाणी प्यायच्या, निघायच्या. मला वाटलं, उन्हाचा त्रास होत असेल. जून लागला होता.

आमच्याकडे बॅकचेक नावाचा प्रकार असतो. ज्यांनी उत्तरं दिली, त्यातल्या काहींना मी फोन करून विचारते, की बाबा, तुम्हाला खरंच कुणी भेटलं होतं का, काय काय विचारलं. काकूंच्या यादीतल्या पहिल्याच माणसाने फोनवर सांगितलं, "हां हां, वो आन्टी! उन्होंने लास्ट में पूछा ना, हाथी का दाँत निकलता कैसे है."

असा प्रश्न आमच्या फॉर्ममध्ये नव्हता.

दुसरा फोन लावला. तिथेही तेच. तिसऱ्या ठिकाणी एक बाई मलाच विचारू लागल्या, "मॅडम, माझं आधीचं उत्तर बदलून देता येईल का? मला तेव्हा माहीत नव्हतं."

तुम्हाला आमचा धंदा ठाऊक नसेल म्हणून सांगते. विचारणाऱ्याने मनाचा एक शब्द घातला, तरी सगळी उत्तरं संशयात जातात. मॅनेजरला कळलं तर काकूंचे सगळे फॉर्म रद्द. पुन्हा काम मिळणं कठीण. आणि सांगितलं नाही, तर मी लबाड.

मी त्यांना बोलावून घेतलं. दार लावलं.

"काकू, हत्तीचा दात निघतो कसा, हे तुम्ही लोकांना विचारता?"

"हो," त्या ताबडतोब म्हणाल्या. "पण फॉर्म पाठवून झाल्यावर. आधी कधीच नाही. टॅबलेटमध्ये वेळ पडते ना, बघ तू. आणि कुणाचं उत्तर बदललं नाही मी. किती लोक मागे लागले, तरी नाही. नंतरचं सगळं यात आहे."

त्यांनी पिशवीतून एक शाळकरी वही काढली. प्रत्येक पानावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात नोंद. माणसाचं नाव नाही, फक्त वेळ आणि 'करामा, चष्मा, नवीन लग्न' असं काहीतरी. त्याखाली तो आधी काय म्हणाला आणि प्रश्न विचारल्यावर काय म्हणाला.

"पण का, काकू? नियम तुम्हाला पाठ आहेत."

त्या खाली बसल्या. मग पिशवीतून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्यासमोर ठेवलं. कुंकवाचा करंडा होता. मुठीत मावेल एवढा, पिवळसर पांढरा, झाकणाला फिरकी.

"माझ्या आईचा. आम्ही इकडे यायला निघालो तेव्हा तिने माझ्या हातात दिला. मी साड्यांमध्ये ठेवून आणला. इतकी वर्षं हाडाचा समजत होते."

झालं होतं असं. काकू एका भेटवस्तूंच्या दुकानात फॉर्म भरत होत्या. तिथे उंटाच्या हाडाच्या डब्या होत्या. विकणारा पोरबंदरचा म्हातारा. त्या सहज म्हणाल्या, की असा एक करंडा माझ्याकडे आहे. तर तो म्हणाला, "बेन, नीचे से देखना. हड्डी में काले बिंदु होंगे. जाली दिखे तो वो हाथी है."

"घरी आले. चपला काढल्या नाहीत. तशीच खिडकीशी गेले आणि तळ उन्हात धरला." त्यांनी करंडा उलटा केला. "बघ."

मी पाहिलं. तळावर बारीक रेषा एकमेकींना छेदत गेल्या होत्या. सुबक, नाजूक जाळी. सुंदर होती, हे कबूल करायला हवं.

"माझा अंगठा त्याच्यावर होता, आणि मला एकदम वाटलं, मी कुणाला तरी धरलंय." त्यांचा आवाज चढला. "मग मी शोधत बसले. तुला माहितीये का, सुळा बाहेर दिसतो तेवढाच नसतो. त्याचा केवढा तरी भाग डोक्याच्या हाडात रुतलेला असतो. पडत नाही, उपटून येत नाही. मुळापासून काढायचा तर आधी हत्ती मरावा लागतो!"

"आपोआप मेलेल्या हत्तीचा असेल."

"असेलही. पण हे सांगणार कोण? करंडा सांगणार?" त्या पुढे झुकल्या. "पोरी, मी स्वतः 'नाही' दाबलं होतं. घरात आहे का? नाही! माझं उत्तर खोटं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मग ही सगळी माणसं कागद असेल तर चालेल म्हणतात, त्यांना तरी कुठे पत्ता आहे? म्हणून विचारलं. मी सांगत नव्हते काही. फक्त विचारत होते. आणि तुला सांगते, माणूस असा थांबतो! डोळे वर जातात. तो पहिल्यांदाच त्या हत्तीकडे बघत असतो."

मी मॅनेजरकडे गेले. दुसरा मार्ग नव्हता, आणि काकूच म्हणाल्या होत्या, "तू जा. तुझं काम ते आहे." मॅनेजर लेबनॉनचा. आधी तो भडकला, मग वहीतल्या वेळा टॅबलेटमधल्या वेळांशी ताडून पाहिल्या. प्रत्येक फॉर्म गेल्यानंतरच तो प्रश्न विचारला गेला होता. फॉर्म रद्द झाले नाहीत. पण काकूंचं त्या प्रोजेक्टवरचं काम थांबलं. "खलास," तो म्हणाला. "आवडत्या माणसासाठी मी नियम वाकवत नाही."

काकूंना हे मीच जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे त्याचं. बरं, ते सोड. उद्या तुला सुट्टी आहे ना? माझ्याबरोबर येशील?"

करंडा सरकारजमा करायचं त्यांनी ठरवलं होतं.

काका मात्र हादरले होते. आयुष्यभर हिशेब तपासनीस म्हणून काम केलेला माणूस, आवाज चढवलेला कुणी ऐकला नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ते सोफ्याच्या कडेवर बसून होते.

"अहो, तुम्ही तरी समजवा हिला. तीन महिन्यांनी माझी रिटायरमेंट आहे. परवान्याशिवाय हस्तिदंत देशात आणला, असं स्वतःच जाऊन सांगायचं? उद्या व्हिसाचं काही झालं तर? ठेव म्हणावं कपाटात. इतकी वर्षं कुणी विचारलं का?"

"म्हणूनच," काकू आतून ओरडल्या. "कुणी विचारत नाही म्हणूनच!"

"आणि परत जाताना सामानात टाकू या, कुणाला कळणार आहे?"

काकू बाहेर आल्या. "अहो, तिकडेही तो कुठल्याच कागदावर नाही. आणि विमानतळावर कुणी पेटी उघडली, तर मला 'माहीत नव्हतं' म्हणता येणार नाही आता. मला माहितीये."

काका उठून शर्ट बदलायला आत गेले. "मीही येतो," एवढंच म्हणाले.

वन्यप्राण्यांच्या व्यापाराचे परवाने देणाऱ्या सरकारी कार्यालयात काउंटरवर एक तरुण एमिराती मुलगी होती. काकूंनी घरून इंग्रजी वाक्यं पाठ करून आणली होती, पण ऐन वेळी सगळी हिंदीत निघाली, आणि ती मुलगी चक्क हिंदीत उत्तर देऊ लागली. काकूंनी सगळं सांगितलं. आई, साड्या, पोरबंदरचा म्हातारा, उन्हातली जाळी. काका बाजूला पासपोर्टांची फाइल छातीशी धरून उभे. मुलगी आत जाऊन एका साहेबांना घेऊन आली. त्यांनी करंडा फिरवून पाहिला, तळ पाहिला, मान हलवली. काही कागद भरायला दिले. कुणी रागावलं नाही. साहेब एवढंच म्हणाले, की स्वतःहून आणून देणारं कुणी फारसं येत नाही.

मुलीने झाकण उघडलं आणि विचारलं, "ये लाल क्या है?"

मी तोवर करंडा उघडलेला पाहिला नव्हता. आत कुंकू होतं, आणि कुंकवाखाली जुनं, कडक झालेलं मेण. पूर्वी बायका आधी कपाळाला मेण लावायच्या आणि त्यावर कुंकू. मेणात मधोमध एक खळगा होता, बोटाच्या पेराएवढा.

"वो मेरी माँ की उँगली है," काकू म्हणाल्या.

आणि त्या दिवशी मी काकूंना पहिल्यांदाच गोष्ट अर्धवट सोडताना पाहिलं. काउंटरपलीकडची मुलगी त्यांच्याकडे पाहत राहिली.

मग काकूंनीच नाक पुसलं आणि झटक्यात विचारलं, "बेटा, डिब्बा सरकार का. मोम तो मेरा है ना?"

मुलीने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी हात उडवला, म्हणजे घेऊ दे. तिने स्वतःच्या टेबलावरून कागद कापायची पट्टी आणली, आणि त्या दोघींनी मिळून, डोकी जवळ घेऊन, मेणाची ती चकती अख्खी बाहेर काढली. खळगा मोडला नाही. "यल्ला!" ती मुलगी अरबीत, चला झालं अशा सुरात, टाळी वाजवून म्हणाली, आणि काकूंनी काउंटरवरून वाकून तिचा गाल कुरवाळला. काकांनी खिशातून गोळ्यांची रिकामी डबी काढून पुढे केली. ती त्यांनी घरूनच आणली असावी. कधी सुचलं, कोण जाणे.

परतीच्या वाटेवर काकूंना नुसतं उधाण आलं होतं. "बघितलंस? बघितलंस ना? साहेबांनी तळ बघितला! जाळी लगेच ओळखली त्यांनी!" काका गाडी चालवत होते, आणि आरशात मला दिसलं की ते हसत होते.

राहिली ती वही. काकूंनी ती माझ्याकडेच ठेवली होती. एका शुक्रवारी दुपारी मी ती पूर्ण वाचून काढली. "आधी: कागद असेल तर नक्की घेईन. नंतर: चष्मा पुसला. म्हणाला, माझ्या बायकोने घेऊ नये." "आधी: सेवा आहे. नंतर: चिडला, निघून गेला, परत आला, पाणी दिलं मला." सगळ्यांचं मत बदललं होतं असंही नाही. काहींनी खांदे उडवले होते, तेही त्यांनी तितक्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं. मी ते इंग्रजीत टाइप करून, आकड्यांत न मिसळता, वेगळी टीप म्हणून क्लायंटला पाठवायची परवानगी मागितली. मॅनेजरने वाचलं. दोनदा वाचलं. "पाठव," म्हणाला.

दोन-अडीच महिन्यांनी क्लायंटने पुढच्या फेरीचे प्रश्न पाठवले, तेव्हा सर्वात शेवटी एक नवा प्रश्न होता, काकूंचाच. आणि पहिल्या उत्तराशेजारी दुसऱ्या उत्तरासाठी एक रिकामी चौकट. मी काकूंना फोन केला तेव्हा त्या भांडी खोक्यात भरत होत्या. आधी काहीतरी धातूचं जमिनीवर आपटल्याचा आवाज आला, मग त्यांचा. "काय सांगतेस! अहो, ऐकलंत का? अहो, इकडे या!"

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांतच ते निघाले. पुण्याला, कायमचे. मी निरोप द्यायला डिस्कव्हरी गार्डन्सला गेले. घर रिकामं झालं होतं, बोललं की आवाज घुमत होता. सामान आधीच गेलेलं, हातात फक्त तीन बॅगा. गोळ्यांची ती डबी काकूंच्या पर्समध्ये होती. मला एकदा उघडून दाखवली आणि लगेच बंद केली.

खाली टॅक्सी आली. काकूंनी मला घट्ट मिठी मारली, "पुण्याला ये, नाहीतर बघ" असं दरडावलं, आणि मागच्या सीटवर बसल्या. ड्रायव्हर एक पोरगेला सुदानी होता. दार लागायच्या आत मला त्यांचा आवाज ऐकू आला, "भैया, आप के देश में हाथी है?"

टॅक्सी सुरू झाली. मी हात वर केला. मागच्या काचेतून मला काकूंची पाठ दिसत होती. त्या ड्रायव्हरच्या सीटकडे झुकून, दोन्ही हातांनी हवेत काहीतरी मोठं, गोल, वळणदार दाखवत होत्या. मागे वळून बघायचं त्यांच्या लक्षातही आलं नाही. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत काका मात्र माझ्याकडे बघून हात हलवत राहिले.